एका चष्म्यातल्या दोघी

चष्म्याच्या त्या दुकानात शिरल्यावर गिऱ्हाइकाला आधी दटावणी मिळते, खुर्ची नंतर. "दिसेल तेवढंच सांगायचं. अंदाजपंचे काही नको. आणि मला खूश करायला तर मुळीच नको!" असं बजावणारी बाई वयानं ऐंशीच्या घरातली आणि उंचीनं काउंटरच्या जेमतेम वर येणारी. नाकावर असा जाड चष्मा, की त्यातून तिचे डोळे मुगाच्या दाण्याएवढे दिसतात. अख्खं गाव तिला ढापणी म्हणतं. तेही मागून कुजबुजत नाही, चांगलं तोंडावर. तिलाही त्याचं काही नाही. दुकानाच्या पाटीवरसुद्धा तिनं तेच नाव लावलंय.

अशा बाईला खोटं बोलणारी माणसं दारातही चालणार नाहीत, असं कोणालाही वाटेल. पण तिची जन्माची मैत्रीण म्हणजे गावातली एक नंबरची थापाडी. दोघींचं जमलं कसं, हे सांगायचं तर लढाईच्या दिवसांत जायला हवं.

ढापणी तेव्हा दोन वेण्या घालणारी, गुडघे फुटलेली पोरगी होती. आई ती पाळण्यात असतानाच गेलेली. तिचं सगळं बाबांनी केलं. वेण्याही तेच घालायचे, एक वर, एक खाली. बाबांचा धंदा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. माणूस आडदांड, मिशी भरघोस, हसायला लागला की शिडीवर उभा असला तरी खालच्याला काळजी वाटावी असा. नजर मात्र लेकीसारखीच अधू. अक्षरं रंगवून झाली की ते रस्त्याच्या पलीकडं जायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे, हाताची मूठ करून तिच्या बारीक भोकातून पाटीकडं बघायचे. मुठीच्या भोकातून बघितलं की धूसर दिसणारंही जरा नीट दिसतं. अधू नजरेच्या कुणीही करून बघावं. बाबा म्हणायचे, "चष्मा सगळं दाखवतो गं. मूठ एकच गोष्ट दाखवते. एक अक्षर वाकडं असलं तर मुठीतूनच सापडतं." ढापणीनं ही युक्ती उचलली. रस्त्यावर बाप इकडून मूठ लावायचा, लेक तिकडून. लोक म्हणायचे, या घराण्यात एक स्क्रू ढिला आहे.

लढाई सुरू झाली तेव्हा चष्मेवाल्यांना सैन्यात घेत नव्हते. पुढं माणसं कमी पडायला लागली आणि सरकारला चष्मा चालायला लागला. बाबांना बोलावणं आलं. लेकीला घड्याळजी मामा आणि मामीच्या हवाली करून ते गेले. त्यानंतर बाप-लेक आधी राहत ती गल्ली बॉम्बमध्ये बेचिराख झाली, बाबा शत्रूच्या हाती लागल्याची बातमी आली, आणि मग बातम्याच बंद झाल्या. घरात त्यांचा विषय कोणी काढत नसे. ढापणी तेवढी रोज मामांना विचारायची, "आज काही कळलं?" आणि मामा डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच मान हलवायचे.

त्याच सुमारास वर्गात एक नवी मुलगी आली. तिचं शहर उद्ध्वस्त झालं होतं, म्हणून आई तिला घेऊन इकडं आली होती. मुलगी इतकी उंच, की बाईंनी तिला पहिल्याच दिवशी शेवटच्या बाकावर पाठवलं आणि पोरांनी मधल्या सुट्टीच्या आत तिचं शिडी असं नामकरण करून टाकलं. तिलाही चष्मा होता. पण एकदा भोंगा वाजला, सगळी शाळा तळघराकडं धावली, त्या रेटारेटीत चष्मा पडला, आणि त्यावर साक्षात हेडबाईंचा पाय पडला. हेडबाई वजनदार व्यक्तिमत्त्वाच्या होत्या. चष्म्याचं काही राहिलं नाही.

नवा मिळण्याची सोय नव्हती. चांगली काच सगळी फौजेच्या दुर्बिणींना लागत होती. गावातला चष्मेवाला दुकानाला कुलूप लावून कुठल्याशा कारखान्यात गेला होता. शिडी फळ्याकडं बघून डोळे बारीक करायची आणि वहीत भलतंच लिहायची. एक दिवस ढापणीनं आपला चष्मा काढून तिच्या नाकावर ठेवला. शिडीनं खिडकीबाहेर बघितलं आणि ओरडली, "अगं, झाडाला पानं आहेत!"

नंबर उन्नीस-बीस होता, पण भागत होतं. झालं, त्या दिवसापासून चष्मा दोघींचा झाला. एक दिवस हिचा, एक दिवस तिचा. यात भांडण होणार हे घड्याळजी मामांनी ओळखलं आणि चष्मा आपल्या ताब्यात घेतला. रोज सकाळी शाळेला जाताना दोघींनी दुकानाशी हजर व्हायचं. मामा काचा पुसायचे, घड्याळाच्या पेचकसानं काडीचा स्क्रू आवळायचे, आणि जिची पाळी तिच्या हातात चष्मा द्यायचे. शिडीच्या तोंडाला काड्या आखूड पडत, म्हणून तिच्या दिवशी मागून दोरा बांधायचे. "पाळी म्हणजे पाळी," ते दम भरत. "रडारड चालणार नाही."

जिच्या नाकावर चष्मा, ती दुसरीचे डोळे. वर्गात तिनं फळ्यावरचं कानात सांगायचं, दुसरीनं लिहायचं. घरी येताना तिनं मागून चालत ओरडायचं, "पायरी! खांब! डावीकडून सायकल!" आणि दुसरीनं बिनधास्त पुढं चालायचं. शिवाय वाटेत जे जे दिसेल ते सांगायचं, कारण नुसतं धूसर जग किती वेळ बघणार? ढापणीनं शिडीलाही मूठ लावायला शिकवलं होतं, पण चालता चालता मुठीतून कितीसं दिसणार!

ढापणी सांगायची ते असं: "कोपऱ्यावर बेकरी. दार बंद. बाहेर एक माणूस जांभई देतोय." संपलं. शिडीची पाळी असली की मात्र मजा होती. बेकरीवाला पिठात माखून भूत झालेला असायचा, टपालवाल्याच्या टोपीत चिमणीनं घरटं केलेलं असायचं, आणि बेकरीच्या कोपऱ्यावर एक पांढराशुभ्र घोडा उभा असायचा. शेपूट जमिनीला टेकणारी, मान ताठ.

"माझ्या पाळीला कसा नसतो गं तो?" ढापणीनं विचारलं.

"लाजाळू आहे," शिडी म्हणाली. "चष्मेवाल्या बुटक्या मुलींना बुजतो."

ढापणीला ते पटलं. आता तुम्ही म्हणाल, एवढी कशी भोळी! पण ज्याला दिसत नाही त्यानं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही तर काय करायचं? शिवाय घोडा असावा असं तिलाही वाटत होतं. त्या वर्षी गावात चांगलं असं दुसरं होतं काय?

या थापा वर्गातही पोचल्या. बाईंनी फळ्यावर नद्यांची नावं लिहिली. चष्मा शिडीकडं. तिला यादी फारच रुक्ष वाटली म्हणून तिनं मधेच एक नदी स्वतःची घातली. ढापणीच्या वहीत ती व्यवस्थित उतरली.

"ही गुळगुळी नदी कुठं आहे म्हणे?" बाईंनी वही नाचवत विचारलं.

"फळ्यावर होती, बाई," ढापणी ठासून म्हणाली.

"मी लिहिली?"

"हो, बाई. तुम्ही विसरला असाल."

दोघींना वर्गाबाहेर उभं केलं. शिडी हसून हसून भिंतीला टेकली. ढापणीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण थोड्या वेळानं तिलाही हसू फुटलं. गुळगुळी नदीवर मग त्यांनी एक पूल बांधला आणि घोड्याला त्यावरून नेऊनही आणलं.

लढाई संपली ती अशीच, वर्गात बसल्या बसल्या. भोंगे वाजले ते आनंदाचे. शत्रूकडं अडकलेले लोक सुटले आणि त्यांतल्या आजाऱ्यांच्या गाड्या गावावरून जायला लागल्या. गाड्या मोठ्या इस्पितळाच्या शहराकडं चाललेल्या, पार दुसऱ्या टोकाला. आमच्या स्टेशनात फक्त इंजिनाला पाणी भरायला थांबायच्या. तेवढ्या वेळात कोणाचं घरचं माणूस येऊन हात धरेल त्यालाच उतरवायचं, बाकीच्यांना पुढं न्यायचं, असा हुकूम होता. एकट्या आजारी माणसाला उतरू देत नसत. कोण कोणत्या गाडीत आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि त्या शहरात पोचलेला माणूस पुढं कुठं जाईल, जगेल का, परत येईल का, याचा काही नेम नव्हता. बाबांना तर हेही माहीत नसणार, की गावावर बॉम्ब पडले त्यातून लेक वाचली.

पहिल्या गाडीला घड्याळजी मामा दोघींना घेऊन गेले. मामांचा एक पाय अधू, गर्दीत ते मागं अडकले. त्या दिवशी पाळी शिडीची. तिनं बाबांना कधी पाहिलेलं नव्हतं, पण त्यांच्याबद्दल इतकं ऐकलं होतं की ती म्हणाली, "मी हजारात ओळखीन." गाडी आली. शिडी टाचा उंचावून बघत होती आणि ढापणी तिचा झगा ओढून विचारत होती, "दिसले? दिसले का?"

शिडीला ते बघवेना. तेवढ्यात तिला एक मिशी दिसली. तिनं ओरडायला सुरुवात केली, "मिशी! अगं, मिशीवाले! आडदांड आहेत! हसतायत! हात करतायत तुला!"

ढापणी पळाली आणि त्या माणसाच्या कमरेला जी मिठी मारली ती सोडेचना. माणूस आडदांड नव्हता. हसत नव्हता. हात तर मुळीच केला नव्हता. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मी नाही गं बाळा तो." मग त्यालाच रडू आलं. मामांनी तिला सोडवून घेतलं.

त्यानंतर कितीतरी दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. चष्म्याच्या पाळ्या मुकाट्यानं चालू होत्या. वर्गात फळ्यावरचं सांगायचं तेवढं सांगायचं, बाकी तोंडाला कुलूप. घोड्याचं नाव कोणी काढलं नाही. मामा काचा पुसताना दोघींकडं आळीपाळीनं बघायचे आणि उसासा टाकायचे. शेवटी शिडीच म्हणाली, "मला वाटलं, मी म्हटलं तर ते होतील."

"कोण होतील?"

"तो माणूस. तुझे बाबा."

 ढापणीच्या मनातून राग उतरला, हे तिचं तिलाच कळलं. तिलाही धावताना तसंच वाटलं होतं.

मग एक दिवस भर दुपारी वर्गात बातमी आली, गाडी येतेय, आणि बहुतेक ही शेवटची. बाईंनी नुसतं ढापणीकडं बघून दाराकडं बोट केलं. शिडीला कोणी काही म्हणालं नव्हतं, तरी तीही उठली. मामांचं दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला, मामी कोळशाच्या रांगेत. कोणाला बोलवायला वेळच नव्हता. दोघींनी स्टेशनकडं धूम ठोकली.

पाळी ढापणीची होती. चष्मा तिच्याच नाकावर होता. पण फलाटावर ही गर्दी, आणि ढापणीला दिसतायत काय, तर लोकांचे कोट आणि कोटांची बटणं. सामानाच्या ढकलगाडीवर चढून उतरली, तरी टोप्यांच्या पलीकडचं काही दिसेना. चष्मा आहे पण उंची नाही. शेजारी उंची उभी होती, तिला चष्मा नाही. गाडी शिट्टी मारत आत शिरली. ढापणीनं चष्मा काढला, हातात धरून क्षणभर थांबली. ज्या तोंडानं तिला एकदा परक्या माणसाच्या गळ्यात घातलं, त्याच तोंडावर आता सगळं सोपवायचं होतं.

"दिसेल तेवढंच सांगायचं," ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून नाही. शपथ घे."

"शपथ," शिडी म्हणाली. तिनं चष्मा घातला, काड्या दोन्ही हातांनी धरल्या आणि त्याच ढकलगाडीवर चढली.

मग ती सांगायला लागली. कधी नव्हे ते सरळ, कोरडं, एकापुढं एक. "पहिला डबा. दारात एक शिपाई. खिडकीत तीन माणसं. मिशी कोणालाच नाही. दुसरा डबा. एक जण झोपलाय. एकाच्या डोक्याला पट्टी, तो पोरगा आहे, बाबा नाही. एका बाईनं एकाचा हात धरला, तो उतरला. तिसरा डबा. पांढरी दाढी. नाही. चौथा..." तिचा आवाज बसत चालला होता. एखादी थाप, एखादं हसू, एखादी मिशी तिच्या ओठांवर येत असणार, पण तिनं ती गिळली. ढापणी खाली डोळे मिटून ऐकत होती. तिकडं पाणी भरून झालं होतं आणि इंजिनानं पहिली शिट्टी दिली.

"आता शेवटाकडचे डबे," शिडी म्हणाली. "एक म्हातारा पाणी पितोय. त्याच्याशेजारी एक हडकुळा. केस नाहीत, मिशी नाही, कान मोठे. आपल्यासारखा बघतोय. पुढच्या खिडकीत कोणी नाही. त्याच्या पुढं..."

"थांब!" ढापणीनं डोळे उघडले. "आपल्यासारखा म्हणजे कसा?"

"म्हणजे, मूठ लावून. पण अगं, मिशी नाहीये. आडदांड तर अजिबात..."

ढापणी पुढचं ऐकायला तिथं होतीच कुठं! समोर नुसता करड्या-काळ्या रंगांचा गोंधळ होता आणि ती त्यात घुसली होती. शिडी ढकलगाडीवरून गळा फाटेस्तोवर ओरडत होती, रोजच्या वाटेवर ओरडायची तशी, "खांब! उजवीकडं हो! पेटी आहे, उडी मार! अजून पुढं! तो शिपाई आहे, सोड त्याला! अजून एक खिडकी! थांब! तीच, तीच!"

ढापणी थांबली. वर खिडकीत तिला एक फिकट डाग दिसत होता, बाकी काही नाही. तिनं हाताची मूठ केली आणि डोळ्याला लावली.

मुठीच्या भोकातून तिला दुसरी मूठ दिसली.

दोन्ही मुठी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग वरून एक चिरकलेला आवाज म्हणाला, "वेण्या कोणी घातल्या गं? दोन्ही सारख्या आहेत."

"मामीनं," ढापणी म्हणाली.

दुसरी शिट्टी झाली. दारातल्या शिपायानं विचारलं, "घरचं कोण आहे?" ढापणीनं खिडकीतून लोंबणारा तो हडकुळा हात दोन्ही हातांनी असा धरला, की शिपायानं पुढं काही विचारलं नाही. त्यानं बाबांना आधार देऊन खाली उतरवलं आणि गाडी हलली.

शिडी धापा टाकत पोचली. जवळ येऊन उगीच उभी राहिली, मग चष्मा काढून ढापणीपुढं धरला. "घे. तुझी पाळी आहे. नीट बघ त्यांना."

ढापणीनं चष्मा घेतला आणि बाबांच्या नाकावर ठेवला. त्यांचा चष्मा कैदेतल्या पहिल्याच हिवाळ्यात गेला होता. त्यांनी लेकीकडं बघितलं. पायापासून डोक्यापर्यंत, पुन्हा डोक्यापासून पायापर्यंत. फुटलेले गुडघे बघितले, वेण्या बघितल्या. डोळे पुसायला चष्मा काढला, घाईनं परत घातला, मग मान वर करत करत शिडीकडं पोचले. "आणि ही एवढी उंच कोण?"

"मी मैत्रीण," शिडी म्हणाली. तिला आता रडू आवरत नव्हतं. "उद्या माझी पाळी आहे, काका. आत्ताच सांगून ठेवते."

त्या संध्याकाळी घड्याळजी मामांनी दोघींच्या पाळ्या मोडून तिघांच्या केल्या. रडारड चालणार नाही असं ते नेहमीप्रमाणे म्हणाले. मग मेहुण्याच्या खांद्यावर डोकं टेकवून तेच सगळ्यांत जास्त रडले.

पुढं काचा मिळायला लागल्या, चष्मेवाला परत आला, आणि ढापणी त्याच्याच हाताखाली काम शिकून पुढं दुकानाची मालकीण झाली. दुकानाची पाटी बाबांनी रंगवली. पलीकडून मुठीतून बघून त्यांनी एक अक्षर वाकडं आहे असं ठरवलं आणि ते अजून तसंच आहे. शिडी बालवाडीत शिकवायला लागली. तिथं थापांना कायमचं गिऱ्हाईक होतं.

अलीकडं शिडीची नजर पार गेली. डॉक्टरांनी हात टेकले, आणि ढापणीकडच्या कुठल्याच काचेचा उपयोग नाही. ती रोज संध्याकाळी दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून बसते आणि ढापणी तिला रस्ता सांगते. सवयीप्रमाणे दिसेल तेवढाच. "बेकरीवाला शटर ओढतोय. दोन पोरी भांडतायत. एक सायकल पडलीय." शिडी ऐकते, मान हलवते. परवा तिनं मानही हलवली नाही. ढापणीनं दोनदा विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं. कंटाळा आला काळोखाचा."

ढापणीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. रस्त्याकडं बराच वेळ बघितलं.

"कोपऱ्यावर घोडा उभा आहे," ती म्हणाली. "पांढरा."

शिडी ताठ बसली. जन्मात या बाईनं तिला कधी शेंडी लावली नव्हती. "शेपूट?"

"जमिनीला टेकतेय."

शिडीच्या तोंडावर हसू पसरत गेलं. "आला होय? मला वाटलं, बुटक्यांना बुजतो."

"आता म्हातारा झालाय. कोणाला बुजत नाही."

ढापणीनं दिवे घालवले, कुलूप लावलं आणि शिडीचा हात धरला. "पायरी," ती म्हणाली. "खांब." आणि बेकरीच्या कोपऱ्याशी आल्यावर दोघी रिकाम्या फुटपाथवरून खाली उतरल्या, घोड्याला वळसा घातला आणि घरी गेल्या.